हुशार आहे, तर सवलत कशाला?

जून महिन्यात शाळा उघडली की व्हरांड्यातल्या फलकावर तुकड्यांच्या याद्या लागतात. कागदावर 'अ', 'ब', 'क', 'ड' ही नुसती अक्षरे असतात आणि कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारले तर ते ठामपणे सांगतात, की आमच्याकडे सर्व तुकड्या सारख्याच. पण मुलांना पोचवणाऱ्या रिक्षावाल्या काकांनाही ठाऊक असते, की 'अ' म्हणजे हुशार मुलांची तुकडी. अलीकडे तिला 'सेमी' म्हणतात, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. नाव बदलले, गाळणी तीच. त्या यादीत मुलाचे नाव शोधणाऱ्या आईवडिलांचे चेहरे मी एकतीस वर्षे पाहिले. बहुतेकांचा प्रश्न सरळ असतो : लागला का नंबर? पण दर दोन-चार वर्षांनी एखादी आई अशी येते, की त्या यादीकडून काय मागावे हेच तिला उमगत नाही. मुलाचे नाव 'अ'मध्ये आले तर भीती, 'क'मध्ये आले तर हळहळ. धरले तर चावते, सोडले तर पळते. तिचा मुलगा गणितात वर्गाच्या दोन इयत्ता पुढे असतो आणि शाळेची घंटा वाजली की कानांवर हात दाबून बाकाखाली बसतो.

मराठीत आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुरेख आहे, पण जरा फसवा. स्वतःत बुडालेला, बाहेरचे ज्याच्यापर्यंत पोचतच नाही असा कोणीतरी, असे चित्र त्या शब्दाने डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात यांतल्या पुष्कळ मुलांची अडचण उलटी असते : त्यांच्यापर्यंत बाहेरचे जरा जास्तच पोचते. पंख्याची करकर, शेजारच्या वर्गातला पाढ्यांचा घोष, पत्र्यावरचा पाऊस, मागच्या बाकावर उघडलेल्या डब्यातल्या चटणीचा वास आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाईंचा आवाज, सगळे एकाच जोराने. आपले कान नको ते बाजूला सारतात. यांना ते सहजी जमत नाही. शिवाय बोलण्यातला आडून काढलेला अर्थ, टोमणा, डोळ्यांची खूण या गोष्टी आपोआप कळत नाहीत, आणि ठरलेल्या क्रमात अचानक बदल झाला की पायाखालची फरशी सरकल्यासारखे होते. 'पावसाळ्यातील एक दिवस' असा निबंध घातला तेव्हा एका मुलाने मराठीच्या बाईंना विचारले होते, "कोणता दिवस? तारीख सांगा." वर्ग हसला. बाईंना तो उद्धटपणा वाटला. त्याला मात्र खरोखरच तारीख हवी होती.

बुद्धीचा हिशेब यात वेगळा असतो. काही स्वमग्न मुलांना बौद्धिक अक्षमता असते, काहींची बुद्धी तुमच्याआमच्यासारखी असते, तर काहींची एखाद्या विषयात विलक्षण असते. 'रेन मॅन' हा चित्रपट १९८८ साली आला आणि पुढे भारतातही पुष्कळांनी पाहिला. तेव्हापासून स्वमग्न माणूस म्हणजे कुठल्याही तारखेचा वार सांगणारा चमत्कार, असा एक समज रुजला आहे. मी इथे म्हणते आहे ती मुले तसा चमत्कार दाखवणारी नव्हेत. ती समजून घेणारी मुले आहेत. त्यांना विषयाचे 'का' हवे असते.

अशा एका मुलाविषयी सांगते. नाव सांगत नाही. सातवीच्या वर्षी मी त्याला गणित शिकवत होते. नवाच्या पाढ्यातली कोणतीही संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज करीत जा, शेवटी ९च उरतात, ही गंमत मी वर्गात सांगितली. मुलांनी करून पाहिली, टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी हा वही घेऊन आला. आपण दहा-दहाचे गट करून संख्या लिहितो; तशा आठ-आठाचे गट करून लिहिल्या तर हा मान नवाला मिळत नाही, साताला मिळतो, हे त्याने दोन पाने भरून ताडून पाहिले होते. "म्हणजे नवात काही विशेष नाही, बाई," तो म्हणाला, "तो फक्त दहाच्या अलीकडे आहे." सातवीतल्या मुलाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळावे म्हणून गणिताचे शिक्षक नोकरी करतात. याच मुलाला सहामाहीत गणितात शंभरपैकी ६१ होते, कारण तो नुसती उत्तरे लिहायचा. पायऱ्या लिहीत नसे. जे उघड आहे ते कागदावर कशाला मांडायचे, असा त्याचा प्रामाणिक प्रश्न होता.

आठवीत त्याला कुठल्या तुकडीत घालायचे यावर स्टाफरूममध्ये चर्चा झाली. एका सरांचे म्हणणे, अशी बुद्धी 'क'मध्ये कुजेल. दुसऱ्या बाईंचे म्हणणे, 'अ'च्या मुलांचे वर्ष वाया जाईल, दर तासाला याच्याकडे कोण पाहणार? मी सुचवले, की 'अ'मध्ये घ्यावे, पण पुढच्या बाकावर भिंतीकडची जागा, लेखी कामाला थोडा जास्त वेळ आणि तासांत बदल असेल तर सकाळीच सांगणे, एवढे करावे. तेव्हा अधिकारपदावरच्या एका गृहस्थांनी जे वाक्य उच्चारले ते मी पुढे अनेक शाळांतल्या अनेक पालकांकडून जसेच्या तसे ऐकले आहे. "हुशार आहे, तर सवलत कशाला? आणि सवलत हवी, तर 'अ' तुकडी कशाला?"

वाक्य ऐकायला मोठे न्याय्य वाटते. माझे म्हणणे असे, की या मुलांचे सगळे नुकसान या एका वाक्यात साठवलेले आहे. यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत टाकल्या आहेत. मुलाच्या डोक्याला किती अवघड खाद्य लागते हा एक प्रश्न. ते खाद्य त्याच्यापर्यंत पोचताना वाटेत काय आड येते हा दुसरा. अंध विद्यार्थ्याला आपण लेखनिक देतो. म्हणून त्याची प्रश्नपत्रिका सोपी काढत नाही. किंवा अवघड प्रश्नपत्रिका मागतोस तर लेखनिक सोड, असेही म्हणत नाही. स्वमग्न मुलाच्या बाबतीत मात्र हे सर्रास म्हटले जाते, कारण त्याची अडचण डोळ्यांना दिसत नाही. हुशारी तेवढी दिसते. मग अडचण म्हणजे हट्ट, लाड, आईने डोक्यावर चढवून ठेवले आहे, वगैरे वगैरे.

आता 'अ' तुकडीविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. तिथे काही वरच्या पातळीचे गणित शिकवले जाते, असा पालकांचा समज असतो. बहुतेक शाळांत तसे काही नसते. पुस्तक तेच, धडे तेच. फरक वेगाचा आणि संख्येचा. सकाळी सात वाजता जादा तास, दर शनिवारी चाचणी, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, सुवाच्य अक्षर, आणि निकालाच्या दिवशी पहिल्या दहांची नावे फलकावर. म्हणजे जो मुलगा खोलात जाऊ पाहतो त्याला आपण 'प्रगत' या नावाखाली घाई देतो. या मुलासाठी 'अ' तुकडी अवघड जाईल खरी, पण चुकीच्या कारणांनी अवघड जाईल. गणित त्याला सोपेच राहील. अवघड होईल तो शनिवार.

मग साधी तुकडी बरी, असे पुष्कळ आया म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मी कधी हसण्यावारी नेले नाही. "बाई, निदान तिथे त्याच्यावर ताण नाही येणार. नंबर नको, जीव शाबूत राहू दे," असे त्या मुलाची आई म्हणाली होती. तिच्या या बोलण्यामागे सात वर्षांची रडारड होती. परंतु साध्या तुकडीत ताण नसतो हे खरे नाही. पासष्ट मुले, शिक्षक गैरहजर असले की ऑफ तास, आणि ऑफ तासाला जो कल्लोळ माजतो तो या मुलाला चाचणीपेक्षा जड जातो. चिडवणारी मुले दोन्हीकडे असतात. अक्षर बदलले म्हणून पोरे सज्जन होत नाहीत. आणि कंटाळा ही गोष्ट आपण फार हलकी धरतो. सर्वसाधारण मुलगा कंटाळला की वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढतो. हा मुलगा कंटाळला की उठून फिरतो, शिक्षकांची चूक मोठ्याने दुरुस्त करतो, नाहीतर एकच प्रश्न सात वेळा विचारतो. त्याची नोंद 'वर्तन असमाधानकारक' अशी होते, आणि पुढच्या वर्षी तीच नोंद दाखवून त्याला वरचे काम नाकारले जाते. वर्तन सुधारले की अवघड गणिते देऊ, असे सांगतात. अवघड गणिते मिळत नाहीत म्हणून वर्तन बिघडले आहे, ही शक्यता कोणी विचारात घेत नाही.

तेव्हा 'अ' की 'क' हा प्रश्नच मुळात वाकडा मांडलेला आहे. मुलगा काही एकसंध गोळा नसतो, की उचलला आणि एका खणात ठेवला. त्यातून स्वमग्न मुलाच्या बुद्धीचा आलेख म्हणजे सह्याद्रीचा उभा छेद. एका बाजूला कडा आणि त्याला लागूनच दरी. गणितात नववीचा, भाषेत सहावीचा, मधल्या सुट्टीत डबा खाऊन वेळेवर परत येण्यात तिसरीचा. त्याला सगळ्या विषयांना मिळून एक तुकडी द्यायची म्हणजे कुठेतरी अन्याय ठरलेलाच.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. तिथल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करणारा लेख प्रसिद्ध केला आणि ऑटिझमची आजची ओळख तिथून सुरू झाली. योगायोग असा, की याच विद्यापीठात १९७१ मध्ये ज्युलियन स्टॅनली या मानसशास्त्रज्ञांनी गणितात असामान्य असणाऱ्या शाळकरी मुलांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. स्टॅनलींचे सूत्र साधे होते. मुलाचे वय पाहू नका. त्या विषयात तो आज कुठे उभा आहे ते त्याच्या इयत्तेच्या वरची परीक्षा देऊन पाहा, आणि त्या विषयात तेथून पुढे शिकवा. एका विषयात पुढे न्यायला सगळ्या विषयांत पुढे असणे भाग नाही.

याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडचे आहे. टेरेन्स टाओ या मुलाला लहानपणी तिथे वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या इयत्तांत बसवले जाई. १९७५ साली जन्मलेल्या या टाओंना २००६ मध्ये फील्ड्स पदक मिळाले, हे अनेकांना ठाऊक असते. त्यांचा धाकटा भाऊ ट्रेव्हर स्वमग्न आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. तोही गणित शिकला, संगीत शिकला आणि बुद्धिबळात 'इंटरनॅशनल मास्टर' झाला. एकाच घरात दोन मुलगे, दोन तऱ्हा. टेंपल ग्रँडिन यांचा आलेख तर याहून खडबडीत. १९४७ साली जन्मलेल्या या स्वमग्न बाई कोलोरॅडोच्या विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. गुरांना भेदरवून न टाकता पुढे नेणारे वळणदार मार्ग त्यांनी आखून दिले. त्यांना चित्रांत विचार करता येतो, पण बीजगणित कधी जमले नाही. शाळेतले कार्लॉक नावाचे विज्ञानशिक्षक त्यांना भेटले. त्यांनी त्यांच्या विचित्र वाटणाऱ्या आवडीलाच अभ्यासाचा धागा बांधला. बीजगणितात नापास म्हणून या मुलीला सगळ्याच विषयांत खाली बसवले असते, तर ते मार्ग कोणी आखले असते?

आपल्याकडे हे अगदीच अपरिचित आहे असे नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ पासून बुद्धिमान मुलांसाठी तिची प्रशाला उभी राहिली. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यातच स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात शाळकरी मुले गणिताच्या ऑलिंपियाडची तयारी करायला येत आली आहेत. असे ठिकाण जवळ असेल, तर माझ्या मते पुष्कळदा तुकडी बदलण्यापेक्षा आठवड्याचे ते दोन-तीन तास अधिक मोलाचे ठरतात. तिथे मुलांना एकच प्रश्न तासभर चघळायला मिळतो, आणि त्याच प्रश्नाचे वेड असलेला आणखी एखादा मुलगा भेटतो. स्वमग्न मुलांना मित्र नको असतात, हे साफ खोटे. त्यांना हवापाण्याच्या गप्पा नको असतात. मूळ संख्यांविषयी बोलणारा कोणी मिळाला, की त्यांच्याइतका बोलका मुलगा नाही.

पण सगळा महाराष्ट्र काही पुण्यात राहत नाही. आमचे गाव जिल्ह्याचे असूनही तिथे असे काही नव्हते. मग आम्ही काय केले? आधी आम्ही त्या मुलालाच विचारले. तोपर्यंत हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून अर्धा तास आम्ही त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलत होतो. त्याला विचारले, "तुला कुठल्या वर्गात बसायचंय?" त्याने बराच विचार केला आणि विचारले, "पंखा आवाज न करणारा वर्ग कुठला?" सगळे हसले. पण शिपायांना बोलावून विचारल्यावर कळले, की आठवी 'ब'च्या खोलीतले पंखे मे महिन्यातच नवे बसवले होते. ती खोली कोपऱ्यात होती, मैदानापासून दूर. त्याचे नाव 'ब'मध्ये घातले गेले. एवढ्या साध्या माहितीवर एवढा मोठा निर्णय झाला याचे कोणाला नवल वाटेल, पण त्या वर्षातला मला तो सर्वांत विचारपूर्वक निर्णय वाटतो.

गणितासाठी तो नववीत येऊन बसू लागला. सहा दिवसांपैकी चार दिवस तास जुळत होते. उरलेले दोन दिवस तो ग्रंथालयात बसून मी दिलेली उदाहरणे सोडवायचा. पायऱ्यांविषयी आमचा लेखी करार झाला. करार लेखीच हवा, असे त्याचे म्हणणे होते. तीन उदाहरणांपैकी एकाच्या सगळ्या पायऱ्या लिहायच्या. परीक्षेत मात्र सगळ्यांच्या, कारण तपासणाऱ्याला त्याचे डोके उघडून पाहता येत नाही. हे कारण त्याला पटले. 'शिस्त म्हणून लिही' हे कधीच पटले नव्हते. तासांत बदल असेल तर सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, हे काम वर्गातल्या एका मुलीने आपणहून अंगावर घेतले, आणि त्याचा फायदा सगळ्या वर्गालाच झाला.

कुरबुर झालीच. "त्यालाच का? आमच्या मुलालाही नववीत बसवा," म्हणून काही पालक आले. बसवू या की, मी म्हटले. सात मुले तयार झाली, महिन्याभराने तिघे उरले. त्या तिघांचे भले झाले आणि बाकीच्या चौघांचे काही बिघडले नाही. सगळे सुरळीत पार पडले असे मात्र सांगत नाही. नववीच्या घटक चाचणीला वर्ग बदलला, अनोळखी पर्यवेक्षक आले, आणि तो कोरा पेपर ठेवून निघून गेला. इतिहासाच्या गटप्रकल्पात त्याने काहीच केले नाही आणि गटातल्या मुलांनी रागाने त्याचे नाव खोडून टाकले. ती मुले चुकली असे मला म्हणवत नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले, वेळापत्रक नव्याने लागले आणि तास जुळेनासे झाले. एका शिक्षकाच्या मर्जीवर टेकलेली सोय शिक्षकाबरोबर निवृत्त होते. म्हणूनच ती नियमात हवी.

नियम काय म्हणतात? १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असे हा कायदा सांगतो. परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा, लेखनिक, अशा सवलतीही मिळतात. हे सगळे चांगलेच आहे. पण माझ्या नोकरीच्या काळात आलेली परिपत्रके आठवते तेव्हा एक गोष्ट खटकते. त्यांतल्या बहुतेक सवलती खाली उतरण्याच्या होत्या. अध्ययन-अक्षम मुलांना एक भाषा सोडण्याची मुभा मिळाली, दहावीच्या गणिताऐवजी सातवीचे अंकगणित घेण्याची मुभा मिळाली. ज्यांना ती हवी होती त्यांना ती जरूर मिळावी. मात्र आठवीतल्या मुलाला एका विषयासाठी नववीत बसता येईल, अशी वर चढण्याची सवलत देणारे परिपत्रक माझ्या टेबलावर एकदाही आले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांना उत्तेजन द्यावे असे चौथ्या प्रकरणात म्हटले आहे, आणि दिव्यांग मुलांना सामावून घ्यावे असे सहाव्या प्रकरणात. दोन्ही उत्तम. हा मुलगा दोन्ही प्रकरणांत एकाच वेळी राहतो.

प्रमाणपत्राचीही एक गोची आहे. पुष्कळशा सवलतींसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागतात. हुशार मूल तपासणीच्या खोलीत, शांततेत, एकट्या डॉक्टरांसमोर उत्तम बोलते. ऑफ तासात त्याचे काय होते ते तिथे दिसत नाही. मुलींच्या बाबतीत तर अवघडच. त्या इतर मुलींचे पाहून हसायला, मान डोलवायला शिकतात, शाळेत दिवसभर ते निभावतात आणि घरी आल्यावर कोसळतात. 'शाळेत तर अगदी गुणी आहे हो,' असे आपण त्यांच्या आयांना सांगून मोकळे होतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. ज्या स्वमग्न मुलांना बोलता येत नाही, ज्यांना कुठलीही शाळा दारात उभी करीत नाही, त्यांचे प्रश्न सोडून तुम्ही दोन इयत्ता पुढे असलेल्यांची काळजी का करता? प्रश्न रास्त आहे. त्याला इतिहासही आहे. व्हिएन्नामधल्या हान्स आस्परगर यांनी १९४४ साली चार मुलांविषयी प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात अशा मुलांच्या बुद्धीचे कौतुक आहे, आणि पुढे अनेक दशके त्यांचे नाव आदराने घेतले गेले. २०१८ मध्ये हर्विग चेक या इतिहासकारांनी जुनी कागदपत्रे उजेडात आणली, तेव्हा कळले की ज्यांच्याकडून काही आशा नाही असे वाटले अशी मुले याच आस्परगर यांनी 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत धाडली होती. नाझी राजवटीत त्या संस्थेत ७८९ मुले मारली गेली. आमच्या तुकड्यांची तुलना त्याच्याशी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण 'कामाचे स्वमग्न' आणि 'बिनकामाचे स्वमग्न' अशी वाटणी मनात डोकावू लागली, की मला ती संस्था आठवते. मी हुशार मुलासाठी जे मागते आहे ते त्याच्या हुशारीचे बक्षीस म्हणून मागत नाही. न बोलणाऱ्या मुलालाही तेच मागावे लागते : मी जिथे उभा आहे तिथून पुढे शिकवा, आणि वाटेतला गोंगाट कमी करा. दोघांच्या पाट्यांवरची अक्षरे वेगळी असतील.

पालक मला अजूनही विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना तुकडीचे अक्षर बाजूला ठेवून काही साध्या गोष्टी पाहून यायला सांगते. वर्गात डोकी किती? तो आवडीचा विषय शिकवणारे शिक्षक 'मला माहीत नाही, शोधू या' असे मुलासमोर म्हणू शकतात का? त्यांना ते जमत नसेल तर हा मुलगा आणि ते पहिल्याच आठवड्यात भांडतील. दम लागला तर त्याला दहा मिनिटे बसायला शांत जागा कुठे आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे, वरच्या वर्गात नाही जमले तर अपमान न होता परत येता येईल का? परतीची वाट उघडी असेल तर मी नेहमी वरच्या वर्गाकडे कौल देते. वाट बंद असेल तर देत नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. गणितात पायऱ्या लिहितो, अक्षर तसेच आहे. त्याच्या आईला आता अकरावीची चिंता : कॉलेजात एका वर्गात शंभराच्या घरात मुले, आणि खासगी क्लासवाले 'टॉपर्स बॅच'चे आमिष दाखवणारे. गेल्या महिन्यात ती मला बरोबर घेऊन एका क्लासमध्ये गेली. समोरच्या तरुणाने फीचे कोष्टक, निकालाचे फोटो, वातानुकूलित खोल्या सगळे दाखवले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "बॅच किती दिवसांनी बदलता?" चाचणीच्या गुणांवरून दर तीन आठवड्यांनी मुले वर-खाली होतात, असे त्याने अभिमानाने सांगितले. तिने पिशवी उचलली. जिना उतरताना मला म्हणाली, "चला बाई, पुढच्या चौकात आणखी एक आहे म्हणतात."